राजपुत्राची सावली

१९९०च्या दशकात ज्यांनी पहिल्यांदा संगणकाला हात लावला, त्यांतल्या अनेकांना पांढऱ्या कपड्यांतला एक छोटा माणूस आठवत असेल. तळघरातल्या दगडी वाटांवरून तो धावायचा, खड्ड्यांवरून उड्या घ्यायचा, कठड्याला बोटांनी लोंबकळायचा. अंदाज चुकला की थेट खालच्या अणकुचीदार सळयांवर. कपटी वजिराने राजकन्येला दिलेली मुदत एका तासाची होती, आणि तो तास घड्याळातला खराखुरा तास होता. खेळाचे नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा तो एका फ्लॉपीत मावत असे, आणि प्रॅक्टिकलचा तास संपला की ती फ्लॉपी कोणाच्या तरी दप्तरातून हमखास बाहेर येई.

ही आठवण निघाली ती एका बातमीमुळे. याच मालिकेतला 'सँड्स ऑफ टाइम' हा २००३ सालचा गाजलेला खेळ आजच्या यंत्रांसाठी नव्याने बनवण्याचे काम युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने हाती घेतले होते. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली तेव्हा ते काम कंपनीच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने हा प्रकल्पच रद्द केल्याचे जाहीर केले. आमचे एक शिक्षक मित्र आहेत. त्यांचे दोन माजी विद्यार्थी संगणकी खेळ बनवण्याच्या व्यवसायात आहेत, त्यामुळे त्यांचे अशा बातम्यांकडे लक्ष असते. ते म्हणाले, "अहो, खेळ तर आधीच तयार होता. गोष्ट ठरलेली, नकाशे ठरलेले. जुने पुस्तक नव्या टायपात छापायचे, एवढेच ना काम? त्याला इतकी वर्षे का लागावीत?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. जुना खेळ नेमका असतो कशात? चित्रांत, गोष्टीत, की आणखी कशात? त्यासाठी आपल्याला त्या पहिल्या छोट्या राजपुत्राकडेच जावे लागेल.

भाऊ धावला, राजपुत्र झाला

जॉर्डन मेकनर हा अमेरिकन तरुण. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याने 'कराटेका' नावाचा एक यशस्वी खेळ केला होता. १९८५ साली त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला आणि चढायला लावले आणि त्याचे व्हिडिओ चित्रण केले. मग चित्रफीत टीव्हीच्या पडद्यावर एकेका चित्रापाशी थांबवून साध्या कॅमेऱ्याने त्या पडद्याचे फोटो काढले. फोटो धुऊन आले की काळा मार्कर आणि पांढरी खोडशाई घेऊन भावाची आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी करायची, तिची झेरॉक्स काढायची आणि ती संगणकात उतरवायची, असा हा उद्योग. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटातले शेवटचे द्वंद्व वापरले, कारण त्यात काही सेकंद दोन्ही वीर बाजूने स्पष्ट दिसतात. चित्रीकरणावरून आकृती गिरवून घेण्याच्या या पद्धतीला रोटोस्कोपी म्हणतात. व्यंगपटांत ती १९१५ च्या सुमारास आली होती.

परिणाम काय झाला, तो खेळताना हाताला कळायचा. तेव्हाच्या बहुतेक खेळांतली पात्रे कळ सोडताक्षणी जागच्या जागी थांबत. राजपुत्र तसा थांबत नसे. तो धावत असेल तर आणखी एक-दोन पावले घसरत जाऊन थांबे, आणि ती दोन पावले आधीच हिशेबात धरली नाहीत तर खड्ड्यात पडे. जडत्वाचा नियम मुलांना शिकवायला याहून चांगले साधन आम्हाला तरी त्या काळात दिसले नव्हते!

सावलीचे गणित

खेळ ज्या ऍपल-२ या संगणकासाठी लिहिला जात होता, त्याच्या प्रक्रियकाचा वेग सेकंदाला सुमारे दहा लाख ठोक्यांचा होता. आजच्या साध्या मोबाइलचा वेग त्याच्या हजारपटीहून जास्त असतो. मेमरी तर फारच तुटपुंजी. राजपुत्राच्या धावण्याचे, उडीचे, चढण्याचे, पडण्याचे प्रत्येक चित्र मेमरीत जागा खाणार. एवढी चित्रे भरल्यावर राजपुत्राला तोडीस तोड असा शत्रू आणायला जागाच उरली नाही. सहकारी मात्र सांगत राहिले, की नुसते धावणे-चढणे पुरेसे नाही, समोर कोणी तरी हवे.

मेकनरने काढलेला मार्ग आपण फळ्यावर करून पाहू शकतो. संगणकाच्या पडद्यावरचे काळे-पांढरे चित्र म्हणजे ० आणि १ यांच्या ओळी. ठिपका उजळ असेल तेथे १, काळोख असेल तेथे ०. समजा राजपुत्राच्या छातीवरून जाणारी एक ओळ अशी आहे:

००११११००

हीच ओळ एक घर उजवीकडे सरकवू:

०००११११०

आता दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून घरे तपासत जायचे. दोन्ही घरांत सारखाच आकडा असेल तर उत्तर ०, वेगळा असेल तर १. उत्तर येते:

००१०००१०

मधला भरीव भाग नाहीसा झाला आणि दोन कडा तेवढ्या उरल्या. 'हे किंवा ते, पण दोन्ही नाही' असा हा तर्क आहे. जिन्यातला दिवा हे त्याचे घरातले उदाहरण. खाली एक बटण, वर एक बटण. दोन्ही बटणे एकाच स्थितीत असतील तर दिवा बंद, वेगवेगळ्या स्थितीत असतील तर चालू. (विजेची जोडणी उलटी केली असेल तर याच्या उलट, पण तर्क तोच.) राजपुत्राच्या प्रत्येक चित्राच्या प्रत्येक ओळीवर ही क्रिया केली की आतून पोकळ, चमकत्या कडांची एक आकृती तयार होते. चित्र आडवे सरकवलेले असल्याने उभ्या कडाच ठळक उमटतात, डोक्याच्या आणि खांद्याच्या वरच्या आडव्या कडा विरून जातात. त्यामुळे ती आकृती माणसासारखी असूनही माणूस वाटत नाही. हा राजपुत्राचा भुताटकी जुळा. त्याला नवी चित्रे लागत नाहीत. राजपुत्राचीच चित्रे घेऊन संगणक ती ऐन वेळी तयार करतो.

आता गोष्ट या गणिताच्या मागून चालत आली. एका पातळीवर राजपुत्र आरशातून आरपार उडी घेतो आणि त्याच क्षणी पलीकडच्या बाजूने त्याची सावली बाहेर पडून पळून जाते. पुढे ती त्याच्यासाठी ठेवलेले औषध पिऊन टाकते, त्याच्या वाटेत अडथळे आणते. शेवटी तलवार उपसून समोर उभी राहते. तिला वार केला की जखम राजपुत्रालाच होते. मार्ग एकच, तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्यात मिसळून जायचे. आम्हाला हे उमगायला कित्येक दुपारी लागल्या होत्या. मेमरी संपली नसती तर हा प्रसंग या खेळात आलाच नसता.

खेळ १९८९ साली प्रकाशित झाला. त्याच्या कामात, मध्ये काही काळ सोडून, सुमारे चार वर्षे गेली होती, आणि आज्ञावली व चित्रे बहुतांशी एकट्या मेकनरची होती. संगीत त्याच्या वडिलांचे.

हा खेळ आज नव्याने करायचा म्हटले तर सावलीचे काय करायचे? आता मेमरी हवी तितकी आहे. सावलीला स्वतंत्र चेहरा, कपडे, चाल, सारे देता येईल. पण मग ती त्याची सावली राहील का? यावर एकच एक बरोबर उत्तर नाही, आणि नवनिर्मितीचे काम अशा शेकडो निर्णयांनी भरलेले असते.

दोष आणि गुण

मर्यादेतून जन्मलेले गुण इतर खेळांतही दिसतात. जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली केलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' मध्ये वरून परग्रहवासीयांची फौज खाली सरकत येते आणि आपण खालून ती टिपायची. जसजसे शत्रू कमी होतात तसतसे उरलेले वेगाने धावू लागतात. हे काही मुद्दाम योजलेले नव्हते. प्रक्रियकाला सगळी फौज चितारायला वेळ लागे, फौज विरळ झाली की काम हलके होई आणि वेग वाढे. निशिकादोंनी ते तसेच ठेवले. आजच्या संगणकावर तीच आज्ञावली लगामाशिवाय पळवली तर फौज पहिल्या क्षणालाच जमिनीवर उतरेल. म्हणून नव्या आवृत्तीत जुना मंदपणा मुद्दाम हिशेब करून घालावा लागतो.

'सायलेंट हिल' या भयकथेच्या खेळात (१९९९) सारे गाव धुक्यात बुडालेले असते. धुके होते कारण तेव्हाचे प्लेस्टेशन दूरवरची घरे चितारू शकत नव्हते. पुढे धुके हाच मालिकेचा प्राण झाला. २०१२ साली तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा दुसऱ्या भागातले धुके पातळ झाले, आणि धुक्यामागे झाकलेल्या, कधीच पुऱ्या न केलेल्या कडा उघड्या पडल्या. नाटकाचा पडदा भलत्या वेळी वर जावा तसे.

तिसरे उदाहरण आमच्या विशेष आवडीचे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' या २००४ च्या खेळात 'टफ नट' नावाचे डोनटचे दुकान आहे. डोनट म्हणजे मेदुवड्याच्या आकाराचा गोड पदार्थ. दुकानावर मोठा षटकोनी नट लावलेला, बोल्टावर बसतो तो. नावातली कोटी त्या सहा कोपऱ्यांवर उभी. २०२१ मध्ये खेळाची नवी आवृत्ती आली. जुन्या खेळांतल्या वस्तू थोड्या कोपऱ्यांत बसवलेल्या असतात, त्यामुळे त्या खडबडीत दिसतात. नव्या आवृत्तीत कडा गोलसर करण्याच्या ओघात हा नटही गुळगुळीत, गोल करून टाकला गेला! चित्रांचा तपशील वाढवायला यंत्र-शिक्षणाची मदत घेतली होती, त्यात पाट्यांवरची अक्षरेही काही ठिकाणी बिघडली. कंपनीला त्याच महिन्यात माफी मागावी लागली. यंत्राला कोपरा दिसतो. तो कोपरा विनोद आहे की गरिबी, हे माणसालाच कळते, आणि तेही त्याला थांबून विचार करायला वेळ असेल तर.

हरवलेली कृती

आज्ञावलीची दोन रूपे असतात. एक माणसाने लिहिलेले, वाचता येणारे. दुसरे यंत्रासाठी भाषांतर केलेले, आकड्यांचे. विकले जाते ते दुसरे. त्यावरून पहिले काढणे म्हणजे पुरणपोळी चाखून तिची कृती लिहून काढण्यासारखे आहे. अशक्य नाही, पण आईची कृती मिळणार नाही. आणि नेमके पहिले रूपच पुष्कळदा हरवलेले असते. 'सायलेंट हिल'च्या वरील आवृत्तीच्या वेळी हाती आलेली आज्ञावली अंतिम नव्हतीच, त्यामुळे मूळ निर्मात्यांनी एकदा काढून टाकलेल्या चुका नव्या मंडळींना पुन्हा काढाव्या लागल्या. 'किंगडम हार्ट्स' या २००२ च्या खेळाचे मूळ साहित्य हरवल्याने २०१३ च्या आवृत्तीसाठी बराच भाग नव्याने उभारावा लागला. मेकनरची फ्लॉपीही वर्षानुवर्षे बेपत्ता होती. २०१२ साली त्याच्या वडिलांना कपाटात मागे सरकलेले एक खोके सापडले, त्यात ती निघाली. जुनी चुंबकीय माध्यमे वाचू शकणाऱ्या जाणकारांनी ती उतरवून घेतली आणि मेकनरने आज्ञावली सर्वांसाठी खुली केली.

आम्ही हसू शकत नाही. आमच्याच प्रयोगशाळेत एका जुन्या प्रबंधातली आकडेमोड पुन्हा करून पाहायची वेळ आली, तेव्हा आज्ञावली मिळाली पण ती कोणत्या क्रमाने चालवायची ते सांगणारे कोणी उरले नव्हते. दोन महिने गेले. ज्ञान फ्लॉपीवर अर्धेच असते.

माणसांचे तास

उरलेले अर्धे माणसांच्या डोक्यात असते, आणि येथे या व्यवसायातली कामाची पद्धत आड येते. एकट्याने खेळ करण्याचा काळ मोठ्या खेळांपुरता केव्हाच संपला. आज एका खेळावर शेकडो माणसे काम करतात. काम मागे पडले की आणखी माणसे घ्यावीत असे सहज वाटते. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली आयबीएममधल्या अनुभवावरून दाखवून दिले, की रखडलेल्या संगणकी कामावर माणसे वाढवली तर ते आणखी रखडते. कारण साधे आहे. प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागत असेल तर दहा माणसांत ४५ जोड्या होतात, वीस माणसांत १९०. माणसे दुप्पट, बोलणी चौपटीहून जास्त. शिवाय नव्यांना शिकवायचे जुन्यांनीच.

मग माणसे वाढवता येत नाहीत आणि तारीख हलवता येत नाही, तेव्हा तास वाढवतात. याला या व्यवसायात 'क्रंच' म्हणतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण आपल्याला माहीत आहे. हे जागरण महिनोन्महिने चालते. २००४ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदार स्त्रीने नाव न देता एक अनावृत पत्र लिहिले. आठवड्याचे सातही दिवस, सकाळी नऊ ते रात्री दहा, एखाद्या शनिवारी संध्याकाळी सुट्टी, आणि जादा कामाचा मोबदला नाही, असे तिने लिहिले होते. त्याच सुमारास कर्मचाऱ्यांनी न्यायालयात दावे लावले, आणि कंपनीने चित्रकारांशी १ कोटी ५६ लाख व प्रोग्रॅमरांशी १ कोटी ४९ लाख डॉलरांची तडजोड केली. प्रश्न मिटला असे मात्र नाही. २०२० साली 'सायबरपंक २०७७' पूर्ण करताना पोलंडमधल्या कंपनीने सहा दिवसांचा आठवडा सक्तीचा केला होता. एरवी असे करणार नाही असे ती आधी सांगत होती.

या जादा तासांतून मिळते काय? पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांच्या, त्यांत बहुतेक स्त्रिया, कामाच्या तासांच्या आणि उत्पादनाच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. जॉन पेन्कॅव्हेल या अर्थशास्त्रज्ञाने त्या २०१४ साली नव्याने तपासल्या. आठवड्याला सुमारे पन्नास तासांच्या पुढे उत्पादनाची वाढ मंदावत जाते, आणि सत्तर तासांत निघणारे काम छप्पन्न तासांतल्या कामाहून फारसे जास्त नसते, असे त्यात दिसले. तोफगोळ्याची टोपी घासणे आणि आज्ञावली लिहिणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे कबूल. पण थकलेल्या डोक्याने लिहिलेल्या आज्ञावलीत चुका राहतात आणि त्या शोधायला दुसऱ्या दिवसाचे तास जातात, हे आम्ही स्वतःवरून सांगू शकतो. क्रंचमध्ये सर्वांत आधी बंद पडते ते टिपणे लिहून ठेवणे. खेळ बाहेर पडला की थकलेली माणसे नोकरी सोडतात किंवा त्यांना काढले जाते. आमच्या मते वीस वर्षांनी कृती सापडत नाही याचे मूळ पुष्कळदा इथे असते.

नावांचेही तसेच. अटारी कंपनी पूर्वी खेळांवर निर्मात्याचे नाव घालत नसे, म्हणून वॉरेन रॉबिनेटने 'ॲडव्हेंचर' खेळात एक गुप्त खोली करून तिथे आपले नाव लपवून ठेवले. या गोष्टीला चाळीसहून अधिक वर्षे झाली. पण २०२३ मध्ये 'मेट्रॉइड प्राइम'ची नवी आवृत्ती आली तेव्हा श्रेयनामावलीत मूळ खेळ करणाऱ्यांची नावे नव्हती, त्यांचा उल्लेख एका ओळीत, घाऊक केला होता. त्यांच्यापैकी काहींनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

पुण्याकडे परत

'सँड्स ऑफ टाइम'चे टप्पे आता मांडता येतील. घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये, प्रकाशनाची तारीख २१ जानेवारी २०२१. दाखवलेली दृश्ये जुनाट दिसतात अशी टीका झाली. तारीख मार्चवर गेली, मग फेब्रुवारी २०२१ मध्ये बेमुदत पुढे. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. २००३ चा मूळ खेळ तिथेच झाला होता. २०२४ मध्ये २०२६ साल सांगितले गेले, आणि २०२६ च्या पहिल्याच महिन्यात प्रकल्प रद्द. म्हणजे मूळ खेळ जिथे घडला तिथे जाऊनही तो पुरा झाला नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांना जमले नाही, असा शेरा मारणाऱ्यांनी हे शेवटचे टप्पेही वाचावेत. ज्यांनी या खेळावर दिवस घालवले त्यांचे काम आता कोणाला दिसणार नाही. नोकरीच्या मुलाखतीत दाखवायलाही पडद्यावर काही नाही.

आमच्या मित्रांना आम्ही हे सारे सांगितले. त्यांच्या नववीच्या वर्गात दोघा-तिघांना याच व्यवसायात जायचे आहे, आणि त्यांना काय सांगावे हा त्यांचा खरा प्रश्न होता. नको म्हणून सांगू नका, असे आम्ही म्हणालो. आधी चौकटीच्या वहीत स्वतःच्या नावाची सावली काढायला लावा. अक्षर ठळक रंगवायचे, एक घर सरकवायचे, सारखे ते खोडायचे. 'म'ची सावली कशी दिसते आणि 'ठ'ची कशी, उभ्या दंडाचे काय होते आणि शिरोरेघेचे काय, हे त्यांचे त्यांना सापडू द्या. आणि नोकरीच्या वेळी विचारायचे प्रश्नही आत्ताच वहीत लिहून ठेवायला सांगा. मागचा खेळ संपवताना आठवड्याला किती तास काम झाले? त्याचा मोबदला मिळाला का? मध्येच सोडून गेलेल्यांची नावे श्रेयनामावलीत आहेत का? आज्ञावली आणि टिपणे कोण सांभाळते?

सर म्हणाले, चौथा प्रश्न ते आमच्या प्रयोगशाळेलाही विचारणार आहेत.